रक्तवाहिनी म्हणजे नळ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गेल्या महिन्यात हृदयविकारावर एक लेख आला होता. सोबत चित्र होतं. गंजलेला नळ, आत साचलेला पिवळा गाळ, आणि खाली ओळ, 'नळ वेळेवर साफ करा'. रोज सकाळी दोन चमचे खोबरेल तेल प्यायलं की हा गाळ धुऊन निघतो, असंही लेखाच्या शेवटी लिहिलं होतं. ते पान आमच्या वाडीत हातोहात फिरलं. माझ्या ओळखीच्या दोघींनी तेल प्यायला सुरुवात केली आणि त्यातल्या एकीने कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून बत्तीस वर्षं देवगड तालुक्यात एका लहान लॅबमध्ये रक्त तपासायचं काम केलं, आता निवृत्त आहे. सुरुवातीला सगळं पिपेटने, हाताने. पुढे यंत्र आलं. जे डोळ्यांनी पाहिलं आणि ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं त्यांच्याकडून समजून घेतलं, तेच लिहिते आहे.

रक्त काढून लाल टोपणाच्या नळीत अर्धा तास ठेवलं की ते गोठतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवायचं. लाल गोळा खाली बसतो आणि वर पाण्यासारखं सीरम राहतं. निरोगी माणसाचं सीरम फिक्या पिवळ्या रंगाचं, आरपार दिसणारं असतं. काविळीत ते हळदीच्या पाण्यासारखं होतं. आणि कधी कधी नळी बाहेर काढावी तर वर चक्क दूध. एका ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आला होता, बारा तासांचा उपाशी. त्याचं सीरम असं निघालं की नळीमागे धरलेलं बोट दिसेना. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, अकराशेच्या वर. ती नळी मी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली आणि सकाळी त्याला बोलावून दाखवली. वर साय धरली होती. तो ती नळी खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. त्या दिवसापासून त्याने दारू सोडली. चार महिन्यांनी आला तेव्हा सीरम स्वच्छ होतं.

त्या तांडेलाला जे दिसलं ते माझ्या भावाला दिसलं नाही.

दुधाळपणा येतो तो ट्रायग्लिसराइडच्या मोठ्या कणांमुळे. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, त्याचे कण फार बारीक असतात. एका मिलिमीटरचे चाळीस-पंचेचाळीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. ते कितीही वाढले तरी सीरम काचेसारखं स्वच्छ राहतं. २०१४ साली माझा धाकटा भाऊ, तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा, माझ्याच आग्रहावरून तपासणीला आला. नळी बाहेर काढून मी त्याला म्हटलं, "बघ, किती स्वच्छ हा." हे वाक्य मी विसरू शकत नाही. तासाभराने आकडे आले. एकूण कोलेस्टेरॉल २६२, ट्रायग्लिसराइड १६०, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६. फ्रीडवाल्ड यांनी १९७२ साली दिलेलं सूत्र आम्हा लॅबवाल्यांना तोंडपाठ असतं: एकूण आकड्यातून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. एलडीएल निघालं १९४.

आमचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले होते. एलडीएल १९०च्या वर आणि घरात असा अकाली मृत्यू, हे दोन्ही एकत्र दिसलं की दोष जन्मजात असण्याची शक्यता असते. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारी जी दारं असतात ती अशा माणसांत कमी पडतात. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघा शास्त्रज्ञांना याच शोधासाठी १९८५चं नोबेल मिळालं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो. म्हणजे आमच्यासारख्या गावात पाच-दहा घरांत तो असणारच, आणि बहुतेकांना पत्ता नसणार.

डॉक्टरांनी भावाला गोळी दिली. तीन महिन्यांनी एलडीएल १०६ आलं. भाऊ हसत म्हणाला, "आक्का, रिपोर्ट नॉर्मल इलो. दुखना-खुपना नाय, आता गोळी कित्याक?" मी रागावले, समजावलं, पण त्याला पटेल असं समजावता आलं नाही आणि त्याने गोळी बंद केली. कारण त्याच्या डोक्यात नळाचंच चित्र होतं. नळ साफ झाला, आता औषध कशाला?

म्हणून ते चित्र मला खटकतं. नळाला जीव नसतो. रक्तवाहिनीला असतो. तिच्या आतून अगदी पातळ, एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, हृदयाच्या झडपांपासून केसाहून बारीक नसांपर्यंत अखंड. हे अस्तर नुसतं झाकत नाही, काम करतं. वाहिनी केव्हा सैल सोडायची, केव्हा आवळायची, रक्तातल्या कोणत्या पेशीला चिकटू द्यायचं आणि कोणाला नाही, हे ते क्षणोक्षणी ठरवतं.

हे कळलं कसं, ते मला माझ्या पेशामुळे फार जवळचं वाटतं. न्यूयॉर्कला रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. अॅसिटिलकोलीन या रसायनाने तो तुकडा आवळतो, अशी वर्षानुवर्षांची समजूत होती. १९७८ साली त्यांच्या तंत्रज्ञाकडून प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम चुकला आणि तुकडा आवळायच्या ऐवजी सैल पडला. दुसऱ्या कोणी तो प्रयोग मोरीत ओतला असता. फर्चगॉटनी कारण शोधलं. तुकडे कापताना आतली बाजू घासली गेली की अस्तर खरवडून जातं आणि वाहिनी सैल पडायचं विसरते. अस्तर शाबूत असेल तर ती सैल पडते. १९८०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अस्तराच्या पेशी जो निरोप खालच्या स्नायूला धाडतात तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आहे, हे पुढे काही वर्षांत सिद्ध झालं आणि १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना मिळालं. हा वायू काही सेकंदांत विरतो, म्हणून अस्तराला तो सतत बनवत राहावा लागतो. तो आहे तोवर वाहिनी सैल राहते, रक्ताची गुठळी धरणाऱ्या प्लेटलेट पेशी चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशी घसरून पुढे जातात.

आता एलडीएल वाढल्यावर काय होतं ते बघा. ते कण अस्तराखाली शिरतात आणि तिथे अडकून पडतात. अडकले की त्यांचं ऑक्सिडेशन होतं. हा शब्द जड वाटेल, पण आपल्याकडे प्रत्येक घरात तो नाकाला माहीत आहे. पावसाळ्यात डब्यात राहिलेलं सुकं खोबरं खवट होतं ना, तेच. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातला स्निग्धांश बिघडतो. वाहिनीच्या भिंतीत असंच एलडीएल खवट होतं. या खवट एलडीएलमुळे अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतात, आणि जो बनतो तोही पोचायच्या आत नासतो. सैल पडायचा निरोप खालच्या स्नायूला मिळतच नाही. त्याच वेळी अस्तर चिकट होतं. ज्या पांढऱ्या पेशी घसरून जायच्या त्या तिथेच अडकतात, आत शिरतात, खवट एलडीएल खाऊन फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. त्यांचाच पुढे पिवळा पट्टा होतो.

म्हणजे ती चरबी भिंतीच्या आत असते, अस्तराखाली. नळात साचल्यासारखी वर बसलेली नसते. तेल पिऊन, लिंबू-लसूण घेऊन धुऊन निघायला ती उघड्यावर नाहीच. तेल पोटात जातं आणि तिथे पचतं, वाहिन्यांतून खळखळत फिरत नाही.

ही सुरुवात किती लवकर होते, तेही सांगते. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी तपासली आणि जे दिसलं ते १९५३ साली प्रसिद्ध केलं. सरासरी वय बावीस. शंभरातल्या सत्त्याहत्तर जणांच्या हृदयवाहिन्यांत आजाराच्या खुणा होत्या. ही धडधाकट, बंदूक घेऊन डोंगर चढणारी पोरं. एकाच्याही छातीत दुखत नव्हतं.

आपल्याकडची गोष्ट आणखी काळजीची आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट पाहणीत असं दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. त्याच पाहणीत झटक्याच्या कारणांत रक्तातल्या बिघडलेल्या चरबीचा वाटा सगळ्यांत मोठा निघाला, तंबाखूच्याही वर.

घाटी चढताना छातीत भरून येतं, दम लागतो, खाली बसलं की बरं वाटतं, असं सांगणारी कितीतरी माणसं लॅबच्या बाकावर माझ्याशेजारी बसली आहेत. सगळ्यांचं निदान एकच, 'पित्त झालां'. निरोगी माणूस घाटी चढू लागला की हृदयाच्या वाहिन्या रुंदावतात, कारण अस्तर त्यांना सैल सोडतं. अस्तर बिघडलेलं असेल तर त्या रुंदावत नाहीत, उलट आवळू शकतात. १९८६ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी हे माणसांच्या हृदयात प्रत्यक्ष पाहिलं. चांगल्या वाहिनीत अॅसिटिलकोलीन सोडलं तर ती रुंदावली, आजारी वाहिनी तेच औषध मिळाल्यावर आवळली. हे दंडावरही मोजता येतं. रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटं घट्ट फुगवून सोडायचा आणि सोनोग्राफीने बघायचं, की परत वाहू लागलेल्या रक्ताने वाहिनी किती रुंदावते. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांची ती कमी रुंदावते, अगदी लहान मुलांतसुद्धा, आणि तेव्हा अडथळ्याचा मागमूस नसतो. आपल्याकडच्या दवाखान्यांत ही तपासणी करत नाहीत, ती संशोधनापुरतीच आहे. पण तिच्यामुळे एक कळलं. अस्तर आधी बिघडतं, अडथळा कित्येक वर्षांनी येतो.

भावाचं तेच झालं. २०१८मध्ये मुंबईला गेला असताना त्याने पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट करून घेतली. ती चांगली आली. 'ब्लॉकेज नाय' म्हणून तो आणखी निर्धास्त झाला. पुढच्या वर्षीचा एप्रिल, आंब्याचा ऐन हंगाम. सकाळी आंबे काढायची घळ घेऊन झाडावर होता, दहाच्या सुमारास पेट्या टेम्पोत चढवताना घामाने भिजला. डाव्या खांद्यात कळ. वहिनीने कोकम सरबत दिलं, कोणी सोडा आणला. दीड-दोन तास असेच गेले. मग ईसीजी, रुग्णवाहिका, घाट चढून कोल्हापूर. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. एका मुख्य वाहिनीत गुठळी अडकली होती. ते म्हणाले, गुठळी काढल्यावर त्या जागी जुना अडथळा अर्ध्याहूनही कमी दिसतोय. स्ट्रेस टेस्टमध्ये तो कळला नसता. खवट चरबीच्या गाठीवरचं पातळ अस्तर फाटलं आणि रक्ताने त्यावर गुठळी धरली. बरेचसे झटके असेच, फार न चोंदलेल्या जागी येतात.

भाऊ वाचला. पण हृदयाचा काही भाग मेला, पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं. आता तो झाडावर चढत नाही. खळ्यात खुर्ची टाकून पेट्या मोजतो, नोंदी ठेवतो. सेहेचाळिसाव्या वर्षापासून.

गोळी म्हणजे नळातला गाळ काढायचं रसायन नाही. ती यकृताला कोलेस्टेरॉल कमी बनवायला लावते, मग यकृत रक्तातून जास्त एलडीएल ओढून घेतं, आणि अस्तराखाली शिरायला कण कमी उरतात. अस्तर काही महिन्यांत पुन्हा चांगलं काम करू लागतं, हे वर सांगितलेल्या तपासण्यांतून दिसलं आहे. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून अधिक काळ स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, घेणाऱ्यांत मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाले. या औषधाचं मूळही आपल्याला परकं नाही. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सहा हजारांच्या आसपास बुरशा तपासल्या, तेव्हा तांदळावर वाढलेल्या एका बुरशीत हा गुण सापडला. आपण तांदळाला बुरशी आली की फेकून देतो.

गोळीचा त्रास कोणालाच होत नाही, असं मी म्हणणार नाही. काहींचे स्नायू दुखतात, थोड्यांची साखर किंचित वाढते, गर्भारपणात ती चालत नाही. पण त्यावर मात्रा कमी करणं, गोळी बदलणं, दुसरं औषध देणं हे उपाय डॉक्टरांकडे आहेत. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून बंद करणं हा उपाय नाही.

आता खोबरेल तेलाबद्दल. मी नारळाच्या झाडाखाली वाढले. माझ्या आमटीत वाटण असतंच आणि ते असणारच. पण खोबरेल तेलातली नव्वद टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त असते आणि तिने एलडीएल वाढतं. वाटणातलं ओलं खोबरं वेगळं आणि सकाळी उपाशीपोटी दोन चमचे तेल वेगळं. ज्याचं एलडीएल आधीच १७० आहे त्याला हे औषध म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे बांगडा आहे, तारली आहे, पेडवे आहेत. या माशांचं तेल ट्रायग्लिसराइड उतरवतं. तिखलं करून खा. तोच बांगडा रव्यात घोळून चार वेळा तापवलेल्या तेलात तळला तर फायदा उरत नाही, कारण ते तेल खवट झालेलं असतं. सणाला वडे तळून उरलेलं तेल गाळून बाटलीत भरायची सवय माझ्या आईलाही होती. ती बाटली मी घरातून काढून टाकली, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बायकांना वाटतं हा पुरुषांचा आजार. पाळी आहे तोवर इस्ट्रोजेनमुळे अस्तराला आधार असतो. पाळी गेली की तो जातो आणि एलडीएल वाढतं. माझं स्वतःचं बावन्नाव्या वर्षी १६८ होतं. मी गोळी घेते, वर्षातून एकदा तपासते. थायरॉइड मंदावलं तरी कोलेस्टेरॉल चढतं, तेही एकदा बघून घ्यावं. मशेरी लावणाऱ्या आमच्या मावश्यांना मी बाकावर बसवून सांगत आले की तंबाखू तोंडातून गेली तरी शेवटी रक्तातच जाते. ऐकणाऱ्या थोड्या, पण होत्या.

गणपतीत आणि शिमग्यात मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात. साखर आणि रक्तदाब बघतात, फार तर ईसीजी. चाकरमानी गावात असतात, घरातली सगळी भावंडं एकत्र असतात. रक्तातली चरबी तपासायला आणि घराण्याचा इतिहास विचारायला यापेक्षा चांगली वेळ नाही. वडील, काका, मामा पंचावन्न वर्षांच्या आत छातीने गेले का, एवढा एक प्रश्न विचारला तरी ज्या घरात तपासणी हवी ते घर सापडेल. आणि रिपोर्ट नुसता हातात देऊ नये, समोर बसवून सांगावा. एलडीएल साधारण १००च्या खाली असावं, ज्यांना धोका मोठा त्यांचं ७०च्या खाली, आणि झटका येऊन गेलेल्यांसारखा ज्यांना धोका फार मोठा त्यांचं ५०च्याही खाली ठेवावं असं आपल्या देशातल्या लिपिड तज्ज्ञांचं मत आहे. हा शेवटचा आकडा आमच्याकडच्या कितीतरी हृदयरुग्णांनी ऐकलेलाच नाही. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा त्यांच्यासाठी नसते, हेही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

माझी विनंती एवढीच, की त्या लेखातला तेलाचा सल्ला चूक होता असं आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावं. आमच्या वाडीत ते पान अजून दोन घरांच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे.

भावाचे आकडे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो खळ्यात पेट्यांवर नंबर घालत होता. मान वर न करता म्हणाला, "घाल माझो रिपोर्ट पेपरात. नाव घालू नको, पोरगीचा लग्न ठरवचा आसा. आणि तिचाय रगत तपास, ता राहिला हा." पुढच्या सोमवारी उपाशीपोटी येणार आहे ती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग